नागपुरात केबलच्या बॉक्सवर ‘फ्रान्स २४’ इंग्रजीतच लागतो, भाषेचं बटण दाबूनही बदलत नाही. फ्रेंचमधून कसा बघू?

यूट्यूबवर बघा, फ्रेंच थेट प्रक्षेपण तिथे फुकट आहे. बटण चालणार नाही, कारण फ्रेंच, इंग्रजी, अरबी आणि स्पॅनिश (ही २०१७ पासून) अशा चार स्वतंत्र वाहिन्या आहेत, निवेदकही वेगळे. एका चित्रावर अनेक भाषांचे आवाज ही युरोन्यूज या युरोपीय वृत्तवाहिनीची जुनी पद्धत, तिच्यामुळेच हा गोंधळ होतो. शोधताना नावानंतर ‘इंग्लिश’ लागलेली वाहिनी सोडा, नुसत्या नावाची ती फ्रेंच. फक्त वेळेचं भान ठेवा: पॅरिसच्या सकाळी ७ च्या बातम्या आपल्याकडे मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर १०:३० ला, एरवी ११:३० ला.