शिकवायचं की भांडायचं?

प्रश्न: ताई, मी स्पेशल एज्युकेशनमध्ये एमएड करतेय, पुढे प्रोफेसर व्हायचंय. पण घरचे म्हणतात, अपंगांच्या हक्कांसाठी भांडत बसलीस तर करिअर बुडेल. दोन्ही जमतं का?

उत्तर: जमतं की! अमेरिकेतले बर्टन ब्लॅट बघ, बोस्टन युनिव्हर्सिटीत स्पेशल एज्युकेशनचे प्रोफेसर होते. 1965 च्या ख्रिसमसच्या सुमारास ते फ्रेड कॅप्लन या फोटोग्राफर मित्राला घेऊन बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या सरकारी संस्थांमध्ये गेले, कॅप्लनच्या पट्ट्याला कॅमेरा, वरून कोट, डोळ्याला न लावताच कमरेवरून क्लिक! गर्दीने भरलेल्या खोल्या, अंगावर कपडा नसलेली माणसं... पुढच्या वर्षी पुस्तक आलं, 1967 ला लुक या पाक्षिकात त्यावर फोटोंसह लेख छापला गेला आणि विषय घराघरात पोचला. चोरून फोटो काढावेत का हा वाद आहेच, पण संस्थांची नावं त्यांनी दिली नाहीत हे मला पटतं, कारण दोष काही एकाच संस्थेचा नव्हता. नंतर सिराक्यूज युनिव्हर्सिटीत गेले, तिथे 1971 ला सेंटर ऑन ह्यूमन पॉलिसी हे अपंगांच्या हक्कांसाठीचं केंद्र काढलं, पुढे डीनसुद्धा झाले. करिअर कुठे बुडालं, सांग घरच्यांना! फक्त पीएचडी आणि रिसर्च पेपरकडे दुर्लक्ष करू नकोस, त्याशिवाय प्रोफेसरकी मिळत नाही.