कॉलममध्ये ओतलेलं हेक्झेन पेपरात कुठे आहे?

प्रश्न : मॅडम, मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, सोबत पीएचडी चालू आहे. केळीच्या सालीच्या राखेचं गाळलेलं पाणी उत्प्रेरक म्हणून वापरून बेंझाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइलची अभिक्रिया केली. साध्या तापमानाला, पाण्यातच. यील्ड, म्हणजे प्रत्यक्ष हाती आलेला माल, ९२ टक्के. 'हरित रसायन आणि शाश्वत विकास' या अंगाने पेपर लिहिला, पण एका नावाजलेल्या नियतकालिकाने 'हरित असल्याचा पुरावा नाही' म्हणून परत पाठवला. दुसरीकडून मेल आलाय : बारा हजार भरा, आठ दिवसांत छापतो. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही आता राहिली नाही. भरू का पैसे? पद्धत सोबत जोडली आहे.
— एक वाचक, जि. जळगाव

उत्तर : पैसे भरू नका. काम टाकाऊ नाही, अर्धवट राहिलंय.

तुमची पद्धत मी दोनदा वाचली. अभिक्रिया पाण्यात झाली हे खरं. पण पुढच्याच ओळीत ६० मिली इथाइल असिटेट या द्रावकाने एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे माल पाण्यातून वेगळा काढणं आहे, आणि मग शुद्धीकरणाची नळी, म्हणजे कॉलम : आत ३० ग्रॅम सिलिका, वरून ओतलेलं २०० मिली हेक्झेन, तेही द्रावकच. एवढं सगळं १.४२ ग्रॅम पदार्थासाठी! रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडलेला ई-फॅक्टर काढून बघा. एक ग्रॅम माल मिळवताना किती ग्रॅम कचरा झाला, एवढाच तो हिशेब. इथाइल असिटेट साधारण ५४ ग्रॅम, हेक्झेन १३० ग्रॅम, वर सिलिका. पाणी सोडून दिलं तरी आकडा दीडशेच्या वर जातो. तुम्ही पेपरात फक्त अ‍ॅटम इकॉनॉमी दिली आहे, ८९.५ टक्के, म्हणजे समीकरणातल्या कच्च्या मालाच्या वजनाचा एवढा भाग पदार्थात येतो. ती बरोबर आहे, कारण या अभिक्रियेत पाण्याचा एक रेणू तेवढा बाहेर पडतो. पण बॅरी ट्रॉस्ट यांचं ते माप फक्त समीकरण बघतं, सिंकखालचा वेस्टचा कॅन बघत नाही. नियतकालिकाच्या परीक्षकाने नेमका तो कॅन बघितला.

यावर उपाय तुमच्या फ्लास्कमध्येच आहे. तुमचा पदार्थ घन आहे, ८३ अंशांच्या आसपास वितळणारा, पाण्यात न विरघळणारा. तो खाली बसतोच. गाळा, थंड पाण्याने धुवा, गरज पडली तर दहाएक मिली इथेनॉलमधून स्फटिक काढा. कॉलम हवा कशाला? टीएलसीवर, म्हणजे शुद्धता बघायच्या छोट्या पट्टीवर, एकच ठिपका येत असेल तर कॉलम ही निव्वळ सवय आहे. यील्ड थोडं घटेल. घटू द्या, १.३ ग्रॅम मिळाला तरी ई-फॅक्टर सहा-सातवर येतो. दीडशेवरून सातवर आणलं, हा तुमचा खरा निकाल. पेपरात आधी तोच मांडा.

दुसरी उणीव मला जास्त खटकली. तुलनेचे प्रयोगच नाहीत. केळीच्या राखेत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं. आसामात त्याच राखेचा कोलाखार करून पिढ्यान् पिढ्या स्वयंपाकात वापरतात. मग बाटलीतलं पोटॅशियम कार्बोनेट तेवढ्याच पीएचला घातलं तर काय होतं? आणि काहीच घातलं नाही तर? ही अभिक्रिया नुसत्या पाण्यातही होते, असे पेपर आहेत. तुमची राख वेळ किती वाचवते, ते तासा-मिनिटांत दाखवा. मफल फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, सालं किती वेळ, किती तापमानाला जाळली तेही लिहा, ती वीज फुकट येत नाही.

आणि 'सर्व अभिकर्मक बिनविषारी' हे वाक्य आजच काढा. मॅलोनोनायट्राइल विषारी आहे, शरीरात त्यापासून सायनाइड तयार होतं. तुमच्या लॅबमध्ये बीएस्सीची पोरं वावरतात. अनास्तास आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या हरित रसायनाच्या बारा तत्त्वांपैकी तुमचं काम कुठे बसतं आणि कुठे नाही, दोन्ही सांगा. उणीव आपणहून लिहिणाऱ्यावर परीक्षक विश्वास ठेवतो, हे मी परीक्षकाच्या खुर्चीत बसून सांगते आहे.

आता त्या मेलबद्दल. माझ्या एका विद्यार्थिनीने असेच पैसे भरले होते. चार दिवसांत स्वीकृती, परीक्षणाचा एक शब्द नाही. दोन वर्षांनी ती वेबसाइटच बंद पडली. तिचं तीन वर्षांचं चांगलं काम, आज कुणाला वाचायला मिळत नाही. एकदा छापलेलं म्हणून दुसरीकडे देताही आलं नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

यादी गेली म्हणून अडू नका. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून विचारा, खरंच तुम्ही तिथे आहात का? मागच्या अंकातले चार पेपर वाचा. वर्गणीवर चालणारी चांगली नियतकालिकं साधारणपणे लेखकाकडून छपाईचे पैसे घेत नाहीत, पाठवताना पैसे भरून पेपर सगळ्यांना खुला करायच्या 'ओपन अ‍ॅक्सेस'च्या पर्यायावर नकळत टिचकी मारू नका. जुने पेपर वाचायला तुमचं कॉलेज 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी खर्चाने नियतकालिकं वाचायला देणाऱ्या योजनेत आहे का, ते ग्रंथपालांना विचारा, ती योजना जानेवारी २०२५ पासून चालू आहे. आणि प्रबंधाची घाई असेल तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपरची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र लेखी मागून घ्या, तोंडी नको.

नुसत्या पाण्याचा प्रयोग उद्याच लावा. तीनदा करा, आणि तिन्ही आकडे वहीत शाईने लिहा.