निगेटिव्ह कंट्रोलमध्ये बँड आला, आता काय?

मेडिकल बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या आणि शिकू पाहणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : डॉक्टर व्हायचं होतं, पण प्रवेश मिळाला नाही. घरचे म्हणतात, मेडिकल बायोटेक्नॉलॉजी घे, तेही मेडिकलच आहे. खरंच तसं आहे का, मॅडम?

नाही, तसं नाही, आणि हे प्रवेश घेण्याआधीच कळलेलं बरं. या पदवीनंतर तू रुग्ण तपासणार नाहीस, औषध लिहून देणार नाहीस. डॉक्टरपुढे समोरचा माणूस असतो आणि त्याला आज काय द्यायचं हा प्रश्न असतो. आपल्यापुढे प्रश्न असतो तो ते औषध मुळात कुठून येणार याचा.

इन्सुलिनचंच बघ. १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं. त्यानंतर जवळपास साठ वर्षं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत होते. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिन ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेता आलं. इन्सुलिनच्या दोन साखळ्या असतात, एक २१ अमिनो आम्लांची आणि दुसरी ३०ची. दोन्ही वेगवेगळ्या जिवाणूंमध्ये तयार केल्या आणि मग जोडल्या. १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं.

हे वाचून ‘जिवाणूला माणसाचं जनुक वाचता कसं आलं?’ असा प्रश्न तुझ्या मनात आला असेल, तर हा विषय तुझा आहे. मनात पहिल्यांदा इन्सुलिन घेणारा तो रुग्णच आला असेल, तर परिचर्या किंवा फिजिओथेरपीचा विचार कर. तिथे माणसं भेटतील. नाइलाज म्हणून इथे आलेली मुलं तिसऱ्या सत्रापर्यंत दमतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे आणि दर वेळी वाईट वाटतं.

प्रश्न : पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती काढण्याच्या) प्रॅक्टिकलला माझ्या निगेटिव्ह कंट्रोलमध्ये बँड (जेलवर दिसणारा डीएनएचा पट्टा) आला. बाकीची सॅम्पल्स बरोबर आली होती. मैत्रिणी म्हणाल्या, जेलच्या फोटोतली तेवढी लेन (त्या नळीची रांग) कापून टाक. मी अजून जर्नल दिलेलं नाही. काय करू?

फोटो कापू नकोस. आणि ‘बाकीची सॅम्पल्स बरोबर आली’ हे वाक्य पुन्हा वाच. ती बरोबर आली हे तुला कशावरून कळलं?

निगेटिव्ह कंट्रोलच्या नळीत सगळं असतं : प्रायमर (प्रत जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे), पॉलिमरेज (प्रती काढणारं विकर), बफर. फक्त डीएनएच्या जागी पाणी असतं. तिथे बँड दिसला म्हणजे कुठून तरी डीएनए आत शिरला, आणि तो तुझ्या प्रत्येक नळीत शिरलेला असू शकतो. पीसीआरमध्ये दर फेरीला प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एका रेणूचे, निदान कागदावर, शंभर कोटींहून जास्त होतात. म्हणून डोळ्यांना न दिसणारा एक तुषारही पुरतो.

आधी बँडची उंची लॅडरशी, म्हणजे शेजारच्या माहीत लांबीच्या डीएनए तुकड्यांशी, ताडून बघ. तो शंभर बेस-पेअरच्या खाली आणि पुसट असेल, तर बहुधा प्रायमर एकमेकांनाच चिकटले आहेत. तो दोष वेगळा, त्यासाठी प्रायमरचं प्रमाण आणि तापमान बघायचं. बँड सॅम्पलच्याच उंचीवर असेल, तर तो भेसळीचा आहे असं धर. मग पाणी नवं घे आणि पुन्हा लाव. बँड गेला नाही, तर बफर बदल, मग प्रायमर. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर दोषी कोण ते कधीच कळणार नाही. पिपेट ब्लीचने पुसून मग पाण्याने पूस, फिल्टरवाल्या टिप्स वापर. आदल्या आठवड्याच्या पीसीआरच्या नळ्या जिथे उघडल्या त्याच टेबलावर नवं मिश्रण बनवत असशील, तर माझा पहिला संशय त्या टेबलावर आहे. आणि कंट्रोलची नळी सगळ्यात शेवटी बंद कर, म्हणजे काम करताना जे काही उडालं असेल ते तिच्यातही दिसेल.

हे सगळं तारखेसह जर्नलमध्ये लिही, न कापलेल्या फोटोसकट. गुणांचं म्हणशील तर मी अशा पानाला पूर्ण गुण देते. तुझे शिक्षक देतील की नाही हे मी सांगू शकत नाही, पण तरीही लिही. उद्या तू निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत असशील, आणि तिथे हीच लेन कापली गेली तर धडधाकट माणसाला संसर्ग झाल्याचा अहवाल जाईल.

प्रश्न : गणित कच्चं आहे. या विषयात चालेल का?

कॅल्क्युलस थोडंच लागतं. त्रैराशिक मात्र रोज लागतं, आणि तिथे चूक चालत नाही. १० मिलिमोलरचं द्रावण आहे आणि तुला २ मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोमोलर हवं आहे. घ्यायचे १० मायक्रोलिटर. दशांश चिन्ह घसरून १०० घेतलेस, तर पेशी मरतील आणि तुला वाटेल औषध लागू पडलं.

संख्याशास्त्र मात्र मन लावून शिक. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण एका भांड्यापुरती खरी आहे. एकाच फ्लास्कमधल्या पेशी प्लेटच्या तीन खळग्यांमध्ये (वेलमध्ये) वाटून तीन आकडे काढले, तरी तो प्रयोग एकदाच झाला. तीनदा म्हणायचं तर पेशी तीन वेगळ्या वेळी वाढवायला हव्यात. ही चूक पदवीच्या प्रकल्पांत सर्रास दिसते.

प्रश्न : मुलगी दिवसभर जंतूंमध्ये काम करते. आई म्हणून काळजी वाटते.

ताई, प्रॅक्टिकलला वापरतात ते ई. कोलाय सहसा प्रयोगशाळेसाठी मुद्दाम निवडलेले, निरुपद्रवी प्रकार असतात. जैवसुरक्षेच्या चार पातळ्या आहेत आणि पदवीचे विद्यार्थी बहुतेक पहिल्या पातळीवरच काम करतात. मला जास्त काळजी वाटते ती जेल बनवायच्या उकळत्या अगारोजची, अतिनील दिव्याची आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनची. बंद चपला-बूट, बांधलेले केस, आणि हातमोजे घालून मोबाइलला हात लावायचा नाही, एवढं तिला सांगा.

प्रश्न : प्रथिनांची रचना संगणकावर ओळखणारी अल्फाफोल्डसारखी साधनं आल्यावर प्रयोगशाळेत राबायचं कशाला? सरळ कोडिंगच शिकू का?

कोडिंग शिका, पायथन किंवा आर, जे जमेल ते. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांची रचना संगणकावर ओळखण्याच्या आणि नवी प्रथिनं घडवण्याच्या कामाला मिळालं, ते योग्यच होतं. पण रचना कळली म्हणजे उपचार मिळाला असं होत नाही.

लाल रक्तपेशी वाकड्या करणारा सिकलसेल आजार घ्या. हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं, ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो. क्रिस्पर हे जनुकं कापण्या-बदलण्याचं साधन हाती आल्यावर कुणालाही वाटेल, ते अक्षर दुरुस्त करा. पण २०२३ मध्ये मंजूर झालेला पहिला क्रिस्पर उपचार ते अक्षर जसंच्या तसं ठेवतो. तो रक्ताच्या मूळपेशींमध्ये ‘बीसीएल-११ए’ या जनुकाचं नियंत्रण करणाऱ्या तुकड्यावर घाव घालतो. हे जनुक गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बंद ठेवतं; त्याला आवर बसला की ते पुन्हा बनू लागतं आणि लाल पेशी वाकड्या होणं थांबतं.

ही वाट सापडली कशी? १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की सिकलसेल असलेल्या तान्ह्या बाळांना सुरुवातीचे महिने त्रास होत नाही, कारण गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन तेव्हा अजून रक्तात असतं. २००७-०८च्या सुमारास हजारो माणसांचे जीनोम संगणकावर ताडून पाहिले, तेव्हा बीसीएल-११एकडे बोट दाखवता आलं. मग पेशींवर आणि उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले. १९४८च्या निरीक्षणासाठी बाळांकडे नीट बघणारे डोळे पुरले. यातला कुठला दुवा वगळायचा, ते तुम्हीच सांगा.

प्रश्न : पीएचडी न करता काही होतं का?

होतं. लस आणि औषधांचं उत्पादन, गुणवत्ता तपासणी, निदान, क्लिनिकल ट्रायलची माहिती सांभाळणं, मंजुरीची कागदपत्रं तयार करणं. पीएचडी करावी ती स्वतःचा प्रश्न स्वतः शोधायची ओढ असेल तरच. नोकरी लांबणीवर टाकायला करू नये.

प्रश्न : दोन विद्यापीठांत प्रवेश मिळतो आहे. निवड कशी करू?

माहितीपत्रकातले यंत्रांचे फोटो बघू नका. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि विचारा, पिपेट तुमच्या हातात आठवड्यातून किती तास असते? शिक्षक करून दाखवतात आणि बाकीचे वीस जण बघतात, की प्रत्येक जण स्वतः करतो? प्रयोग फसला तर पुन्हा करायला वेळ आणि रसायनं मिळतात का? जमलं तर एखादं जर्नल उघडून बघा. त्यात फसलेल्या प्रयोगांची पानं दिसली, तर तिथे प्रवेश घ्या.