वहिनींच्या हाउसकीपिंगच्या नोकरीबद्दल

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: वहिनी ३८ वर्षांच्या, दहावी झालेल्या, चाकणच्या कारखान्यातलं पॅकिंगचं काम सुटलेलं. तळेगाव दाभाड्याच्या बाजूला ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एका वसाहतीत 'हाउसकीपिंग आणि सपोर्ट' अशी जागा आहे, पगार कंत्राटदाराकडून. काम कसं असतं, म्हाताऱ्या माणसांचं 'सगळं' करावं लागतं का, आणि घ्यावी का.

मी त्याच पट्ट्यातल्या अशाच एका वसाहतीत अकरा वर्षं काढली. पहिली चार हातात पोछा घेऊन, पुढची सात सुपरवायझर म्हणून. त्यामुळे लांबण लागेल, पण वाचा.

आधी तो 'सपोर्ट' शब्द. सगळी भानगड त्याच शब्दात असते. अशा ठिकाणी तीन प्रकारची माणसं लागतात. हाउसकीपिंगवाली फ्लॅट, पॅसेज, जिने, डायनिंग हॉल बघते. अटेंडंट, म्हणजे आपण जिला मावशी म्हणतो, ती आंघोळ, डायपर, भरवणं, उठवणं-बसवणं करते. आणि नर्स गोळ्या, इंजेक्शन, बीपी-शुगर बघते. कागदावर ही तीन कामं वेगळी असतात. प्रत्यक्षात अटेंडंट रजेवर गेली की "जरा काकांना बाथरूमपर्यंत ने गं" असं होतं. एकदा नेलं की दुसऱ्या दिवसापासून ते तुमचंच काम. वाईट हेतूने कोणी करत नाही, पण काका घसरले तर प्रशिक्षण नसताना हात लावणारी तुम्ही होता, एवढंच शेवटी दिसतं. म्हणून वहिनींनी कामांची यादी लेखी मागावी. डायपर बदलणं त्यात असेल तर ते शिकवणार कोण, त्याचा पगार वेगळा किती आणि हेपॅटायटिस बी ची लस कंपनी देणार का, हे विचारावं. त्या लसीचे तीन डोस असतात, सहा महिन्यांत पुरे होतात. डायपरला हात लावायचा नसला तरी लस घ्यावीच, कारण इन्सुलिनच्या सुया लोक सर्रास कचऱ्याच्या पिशवीत टाकतात आणि ती पिशवी बांधतो आपण. आमच्या एका मुलीच्या तळहातात सुई घुसली, तेव्हापासून मी प्रत्येक फ्लॅटमध्ये सुया टाकायला जाड प्लास्टिकचा रिकामा डबा ठेवायला लावला. डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, म्हणजे उचलणाऱ्याला आत काय आहे ते कळतं, हे पुण्याच्या कचरावेचक बायांनी रुजवलेलं आहे. ते आम्ही जसंच्या तसं उचललं.

आता खरं काम. लोकांना वाटतं घर झाडायचं, पुसायचं, झालं. तरुणांच्या सोसायटीत तसंच असतं. इथे तुम्ही पुसलेली फरशी वाळायच्या आत कोणीतरी तिच्यावरून काठी टेकत जाणार असतं. पिवळा बोर्ड लावून काही होत नाही; मोतीबिंदूवाल्याला तो दिसत नाही आणि दिसणाऱ्याला 'मला काय होतंय' असं वाटतं. म्हणून पॅसेज पुसताना अर्धा उभा भाग पुसायचा, भिंतीला कठडा असेल ती बाजू कोरडी ठेवायची, पहिली बाजू वाळली की मग दुसरी. मॉप पिळून पिळून जवळजवळ कोरडा करायचा. साबणाचं पाणी जास्त घातलं की फरशी चकचकीत दिसते, पण साबणाचा थर राहतो आणि तोच पाडतो. २०२४ साली महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, त्यात ९०० मिलिमीटरचे रुंद दरवाजे, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरशा वगैरे आहे. पण तळेगावच्या बऱ्याच वसाहती त्याआधीच्या. तिथे गुळगुळीत फरशी आहे ती आहे, सांभाळायचं आपण.

आणि मावळातला पाऊस! जून ते सप्टेंबर हे काम दुप्पट होतं हे मी आधीच सांगून ठेवते. पायवाटेवर आठ दिवसांत शेवाळ येतं. सकाळी फिरायला जाणारे सहालाच बाहेर पडतात, त्यामुळे घासायचं काम आदल्या दुपारी उरकायचं. लॉबीत छत्र्यांचं पाणी ठिबकतं, तिथे छत्र्यांसाठी बादली आणि खाली गोणपाट. बाथरूममधल्या रबरी मॅटच्या खाली बुळबुळीत थर धरतो, मग न घसरण्यासाठी आणलेली मॅटच घसरते. ती रोज उलटी करून उभी ठेवायची. कपाटांना बुरशी, कपडे वाळत नाहीत, ओला वास. ज्यांना दमा आहे त्यांच्या घरात तीव्र वासाचं फिनेल अजिबात नको, साधं साबणपाणी वापरायचं. ब्लीच आणि संडास घासायचं अ‍ॅसिडवालं लिक्विड एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीनचा वायू निघतो. 'डबल पॉवर' म्हणून आमच्याकडे एकीने ते केलं होतं. ती खोकत बाहेर आली. आत कोणी झोपलेलं नव्हतं हे नशीब.

वस्तू हलवण्याबद्दल माझीच एक चूक सांगते. झाडताना टीपॉय हातभर सरकवला आणि तसाच ठेवून निघाले. त्या काकूंना नजर फार कमी होती. त्या घरात सोफा, टीपॉय, दाराची चौकट अशा हाताने मोजून चालायच्या. टीपॉय होता तिथे हात टेकायला गेल्या आणि कुशीवर पडल्या. हाड मोडलं नाही, पण महिनाभर घराबाहेर पडल्या नाहीत. तेव्हापासून मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायची, की काम सुरू करायच्या आधी दारात उभं राहून खोली बघून घ्या, निघताना ती तशीच दिसली पाहिजे. चष्मा, काठी, पाण्याचा तांब्या, इंटरकॉम, या चार वस्तू इंचभरही हलायला नकोत.

दुसरी गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही. दिवाळीआधी सगळ्या दारांत नवी काळी पायपुसणी टाकली. एक निवृत्त मास्तर दुसऱ्या दिवसापासून जेवायला खाली येईनात. त्यांना स्मृतिभ्रंश होता. नर्सने सांगितलं, की अशा माणसाला जमिनीवरचं काळं काही खड्ड्यासारखं दिसू शकतं. पायपुसणं उचललं, मास्तर आले.

वहिनींना एक गोष्ट नक्की जमेल, ती म्हणजे लक्ष ठेवणं. पॅकिंगच्या लाइनवर चुकलेला बॉक्स नजरेला खटकतो ना, तसंच. आठ वाजले तरी दुधाची पिशवी दारालाच लटकतेय, तर बेल वाजवायची. उत्तर नाही तर लगेच सिक्युरिटी आणि नर्स, चावी आणून एकटीने आत जायचं नाही. आमच्याकडे अशाच एका पिशवीमुळे एक मधुमेही काकू सापडल्या, घामाने डबडबलेल्या, बोलणं अडखळत. शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून नर्सने साखरपाणी दिलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, हे त्याच दिवशी सगळ्यांना शिकवलं. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज अचानक भलतंच बोलतेय, अंथरुणाला लघवीचा उग्र वास आहे, तर 'वय झालं' म्हणून सोडायचं नाही. लघवीच्या जंतुसंसर्गात असं होतं, नर्सला सांगायचं. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, शब्द लोळतायत, तर सेकंद न घालवता १०८, आणि हे कधी दिसलं ती वेळ लिहून ठेवायची. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणि पडलेल्या माणसाला बखोटीला धरून उचलायचं नाही. आपला हात आपसूक पुढे जातो, मला कळतं. एक पाय आखूड वाटतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, तर खुब्याचं हाड गेलेलं असू शकतं. अंगावर पांघरूण घाला, शेजारी बसा, माणसं बोलवा.

आता चोरीचा आळ. हा येणार, ताई. वहिनी कितीही सरळ असल्या तरी एकदा येणार. आमच्याकडे एका आजींच्या मोत्याच्या कुड्या गेल्या. त्या फ्लॅटला नांदेडकडची एक मुलगी होती, वीसेक वर्षांची. आजी रडायला लागल्या, त्यांच्या मुलाचा परदेशातून फोन आला, ऑफिस माझ्यावर चढलं आणि मी त्या मुलीची पिशवी पॅसेजमध्ये, सगळ्यांसमोर उघडली. त्यात काही नव्हतं. चार दिवसांनी कुड्या मेतकुटाच्या डब्यात सापडल्या, आजींनीच रुमालात बांधून ठेवलेल्या. आजींना मी आजही दोष देत नाही, विसरण्याच्या आजारात वस्तू लपवणं आणि मग हरवली म्हणणं नेहमीचं आहे. मुलगी मात्र आळ आला त्याच संध्याकाळी काम सोडून गेली होती, आणि तिचा फोन नंतर लागला नाही. त्या पॅसेजमधून जाताना मला पुढे कितीतरी महिने कसंतरी व्हायचं.

त्यानंतर मी नियम लावून घेतले. विसरण्याचा आजार असलेल्यांच्या घरी दोघींनी जायचं. कपाट उघडं असेल तर आधी ते बंद करायला सांगायचं. आत गेल्याची आणि आल्याची वेळ रजिस्टरमध्ये. फ्रीजमधलं नासलेलं, जुनी रद्दी, फुटका कप, काहीही विचारल्याशिवाय टाकायचं नाही. आणि तपासणी करायचीच झाली तर ऑफिसात, दार लावून, बाई अधिकाऱ्यासमोर, मुलीच्या संमतीने. वहिनींनी विचारावं: तुमच्याकडे असं रजिस्टर आहे का? 'आमच्याकडे सगळे विश्वासाचे आहेत' असं उत्तर आलं तर मी तरी दोनदा विचार करेन.

पैशांचंही तसंच. एटीएम कार्ड आणि पिन हातात देऊन 'जरा दोन हजार आण गं' म्हणणारे आजोबा भेटतील. नाही म्हणायचं, गोड बोलून. उसने मागायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. दिवाळीची बक्षिशी एकत्र पेटीत जाते आणि वाटली जाते ती जागा चांगली. मुलं अमेरिकेतून थेट वहिनींना व्हॉट्सअ‍ॅप करतील, आईचा फोटो पाठवा, आज काय खाल्लं सांगा. त्यांचा जीव तिकडे तुटतो हे खरं, पण फोटो पाठवायचे नाहीत, ऑफिसचा नंबर द्यायचा.

हाक काय मारायची हेही विचारून घ्यावं. सगळ्यांना सरसकट 'आजी' म्हटलेलं चालत नाही. आमच्याकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका 'बाई' म्हटल्याशिवाय दार उघडायच्या नाहीत.

कंत्राटदाराचं म्हणाल तर किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो; पगार वर्षानुवर्षं तेवढाच राहिला तर काहीतरी गडबड आहे असं समजायचं. पीएफचे १२ टक्के आपले कापले जातात, तेवढेच मालकाने भरायचे असतात. कापले आणि भरलेच नाहीत, असं माझ्या बाबतीत एका कंत्राटदाराने सात महिने केलं. यूएएन, म्हणजे आपला पीएफचा कायमचा नंबर, पहिल्याच महिन्यात मागून घ्या आणि सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक दर महिन्याला बघा. कंत्राटदाराने बुडवलं तर मूळ संस्थेवर, म्हणजे वसाहतीवर, जबाबदारी येते, तेव्हा तक्रार तिथेही लेखी द्यायची. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतो, आपला वाटा फक्त पाऊण टक्का. ते कार्ड नुसतं पाकिटात ठेवू नका, चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे, घरच्यांनाही चालतं. या कामात कंबर आणि गुडघे जातात, तेव्हा ते लागणारच आहे. ओला मॉप पिळायला वाकावं लागणार नाही अशी पिळणी असलेली बादली आहे का, हेही बघा. हसू नका, माझी कंबर त्या साध्या बादलीनेच घालवली.

घ्यावी का? लेखी यादी, रजिस्टर आणि पीएफ या तिन्हींचं सरळ उत्तर मिळालं तर घ्यावी. पॅकिंग लाइनवर दिवसभर कोणी नावाने हाक मारत नाही. इथे पहिल्या आठवड्यात वीस घरांतून चहा विचारतात. त्यातला रोज एकच घ्यायचा, नाहीतर काम संपत नाही. रुजू व्हायच्या आधी एक दिवस सकाळी सातला जाऊन नुसतं बघून येऊ द्या म्हणावं. आणि कामांची यादी हातात आली की मला कळवा, पगाराचा आकडा झाकून पाठवलात तरी चालेल.