काइट फॉइलवरच्या गमतीजमती : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : काइट फॉइलवर, म्हणजे पतंगाने ओढल्या जाणाऱ्या आणि पाण्याखालच्या पंखामुळे पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या फळीवर, मला आता दोन्ही दिशांना न पडता जाता येते, पण वळताना फळी बहुतेक वेळा पाण्याला टेकते. चालत्या फळीवर बसणारे, जाता जाता पाण्यातून हात फिरवणारे, वाऱ्याकडे तोंड करून जाणारे लोक पाहिले की मलाही तसे करावेसे वाटते. त्यासाठी वळणे पक्की होईपर्यंत थांबावे का? की थेट उड्यांपासून सुरुवात करावी?

उत्तर : थांबू नये, आणि उड्यांपासून सुरुवात तर मुळीच करू नये. पाण्याखालच्या पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग थोडासा वाढला तरी फळी झपाट्याने वर येते आणि तिला रोखण्यासाठी भार पुढच्या पायावर न्यावा लागतो. सरळ रेषेत कितीही फेऱ्या मारल्या तरी भाराची ही जाण एका मर्यादेपुढे जात नाही. खेळताना मात्र शरीराची ठेवण सतत बदलत राहते आणि त्या प्रत्येक बदलाला उत्तर द्यायला पाय शिकतात.

पहिला खेळ म्हणून फळी मुद्दाम पाण्याला अलगद टेकवून लगेच उचलावी. पतंग जागच्या जागी स्थिर ठेवावा आणि केवळ पुढच्या-मागच्या पायावरचा भार बदलून हे साधावे. वळताना आपली फळी टेकते ती नकळत. तीच फळी हवी तेव्हा टेकवता येऊ लागली, की वळणातली भीती बरीच कमी होते.

त्यानंतर पाण्याला हात लावून पाहावा. गुडघे वाकवून शरीर टाचांच्या बाजूला, म्हणजे वाऱ्याकडे कलू द्यावे आणि मागच्या हाताची केवळ बोटे पाण्यावरून फिरवावीत, कारण पंजा खोल गेला तर पाणी हात मागे ओढते आणि खांदे फिरतात. दुसऱ्या हाताने बार, म्हणजे पतंग चालवण्याची दांडी, मधोमध धरावा, नाहीतर पतंग एका बाजूला वळू लागतो. मास्ट, म्हणजे फळीला पंखाशी जोडणारा खांब, पाण्याबाहेर मध्यम उंचीवरच ठेवणे इथे फार महत्त्वाचे आहे. फळी कलली की पंखही कलतो, त्याचे वाऱ्यापासून लांबचे टोक पृष्ठभागाजवळ येते, आणि ते बाहेर पडले तर पंखावर हवा ओढली जाऊन उचल क्षणात नाहीशी होते.

चालत्या फळीवर बसणे पाहायला सगळ्यात मजेशीर वाटते, आणि मला स्वतःला हाच खेळ सर्वाधिक आवडतो. यात बहुतेक जण खाली बसण्याच्या घाईमुळे पडतात. आपण झटकन खाली वाकतो तेव्हा क्षणभर फळीवरचा दाब कमी होतो, उचल तेवढीच असल्याने फळी वर उसळते आणि पंख पाण्याबाहेर येतो. उलट, झटकन उभे राहिलो तर फळी खाली दाबली जाते. म्हणून आधी फळी पाण्यालगत आणावी, मग सावकाश उकिडवे व्हावे, एक गुडघा टेकवावा आणि शरीराचा भार सतत मास्टच्या वरच राहील असे पाहावे. यासाठी पायपट्टे नसलेली फळी आणि हलका, एकसारखा वारा हवा.

वाऱ्याकडे तोंड करून जाताना टाचांऐवजी पायांची बोटे वाऱ्याच्या बाजूला असतात. सुरुवातीला ही ठेवण अवघडल्यासारखी वाटते, पण वळणाची निम्मी तयारी तिच्यातच होते, कारण पाय न बदलता वळले की आपण याच स्थितीत बाहेर पडतो. पाय बदलणे नंतर, सरळ रेषेत स्थिर झाल्यावर करता येते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइट फॉइलच्या शर्यती प्रथमच झाल्या, त्या मार्सेच्या समुद्रात. अशा शर्यतींतही फळी पाण्याला न टेकवता वळणाऱ्याचा वेग टिकतो, तेव्हा हा खेळ केवळ करमणुकीचा समजू नये.

उड्यांना माझा विरोध एवढ्यासाठी, की त्यांत मास्ट आणि धारदार पंख आपल्याबरोबर हवेत येतात. कोणताही खेळ करताना हेल्मेट आणि आघात झेलणारे जॅकेट घालावे, फळी दोरीने पायाला बांधू नये, कारण ताणलेली दोरी तिला परत अंगावर आणते, आणि पडताना फळी पायांनी दूर लोटावी. पाणी मास्टच्या लांबीपेक्षा बरेच खोल असावे.

प्रश्न : हलक्या वाऱ्यात वाऱ्याच्या दिशेने वळताना माझा पतंग दोऱ्या सैल पडून खाली कोसळतो. असे का होते?

उत्तर : वाऱ्याच्या दिशेने जाताना फॉइलचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या जवळपास पोहोचतो. पतंगाला जाणवणारा वारा त्यामुळे फारच कमी होतो आणि आपण त्याच्याकडे सरकत असल्याने दोऱ्या सैल पडतात. पतंग डोक्यावरून नेण्याऐवजी त्याला खालच्या बाजूने पूर्ण वळसा द्यावा, म्हणजे त्याला स्वतःचा वेग मिळतो आणि ताण कायम राहतो. वळणाचा चाप मोठा ठेवावा आणि वळसा आधी सुरू करून फळी त्याच्यामागून वळवावी. दोऱ्यांना पीळ पडला असेल तर वळण पूर्ण झाल्यावर बार फिरवून तो काढावा. एका पिळाने पतंगाचे नियंत्रण जात नाही.