रोबॉट कारखान्यातलाच, मग वास्तुकलेचे प्राध्यापक संशोधन करतात कशावर?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मोटारींच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा रोबॉटच वापरायचा, तर वास्तुकलेच्या प्राध्यापकांचं त्यात संशोधन कसलं? आणि या वाटेला जायचं तर आधी कोडिंग शिकू का?

रोबॉट बहुतेक वेळा तोच असतो हे खरं आहे. कूका किंवा एबीबी या कंपन्यांचा, सहा अक्षांचा (म्हणजे सहा सांध्यांवर फिरणारा) हात, तयार मिळणारा. खरं काम सुरू होतं त्याच्या मनगटापुढे, म्हणजे हाताच्या शेवटच्या सांध्यापुढे. तिथे कोणतं अवजार बसवायचं, माल कसा धरायचा आणि एक तुकडा दुसऱ्याला कसा जोडायचा, यावर लोकांची वर्षं जातात.

झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या फाबियो ग्रामाझिओ आणि मातियास कोहलर यांचं २००६ सालचं काम बघा. स्वित्झर्लंडमधल्या फ्लेश गावच्या गांटेनबाइन वाइनरीची दर्शनी भिंत, सुमारे २०,००० विटांची. प्रत्येक वीट जराशी वेगळ्या कोनात फिरवलेली, त्यामुळे फटींतून मंद उजेड आत येतो आणि लांबून टोपलीत द्राक्षं भरल्याचा भास होतो. फोटोत एवढंच दिसतं. गंमत पुढे आहे. वीट फिरली की खालच्या विटेवर ती नेमकी कुठे टेकते ते बदलतं, म्हणजे चिकटद्रव्य कुठे लावायचं तेही दर विटेला बदलतं. गवंड्याला हे अशक्य नाही, पण इतक्या विटांचे कोन मोजत बसायला वेळ आणि पैसा कोण देणार? म्हणून रोबॉटने ७२ पॅनेल प्रयोगशाळेत रचली, मग ती ट्रकने साइटवर नेली आणि क्रेनने बसवली.

आता जे फोटोत येत नाही ते. भट्टीत माती आकसते, म्हणून कुठल्याही दोन विटा तंतोतंत सारख्या नसतात. संगणकातली वीट मात्र प्रत्येक थराला तेवढ्याच उंचीची. फरक थरागणिक साचत जातो. मग वरच्या थरांत रोबॉट एक तर वीट खालच्या विटेवर दाबतो, नाही तर किंचित वरूनच सोडून देतो. उपाय म्हणजे दर काही थरांनी खरी उंची मोजायची आणि पुढचे बिंदू त्यानुसार सरकवायचे. माझ्या मते या क्षेत्रातलं निम्मं शहाणपण इथेच आहे. प्रबंधात त्याला जेमतेम एक परिच्छेद मिळतो, ही वेगळी गोष्ट.

लाकडातही तेच. जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठातल्या आखिम मेंगेस यांच्या संस्थेने २०१४ साली श्वेबिश ग्म्युंडला एक प्रदर्शन दालन उभं केलं. त्यात ५० मिमी जाडीच्या बीच प्लायवुडच्या २४३ प्लेट, एकही दुसरीसारखी नाही. कडांना मिळून सुमारे ७,६०० फिंगर जॉइंट (बोटांसारखे एकमेकांत अडकणारे सांधे) रोबॉटने कापले. फोटो व्हायरल होतात ते घुमटाचे; दालन उभं आहे ते त्या जॉइंटवर.

खरं सांगायचं तर एका हंगामापुरत्या उभ्या राहणाऱ्या पॅव्हिलियनचा, म्हणजे प्रदर्शनी मांडवाचा, मला आता कंटाळा आलाय. त्यापेक्षा २०१९ साली झुरिकजवळच्या ड्युबेनडॉर्फला पूर्ण झालेलं डीफॅब हाउस अभ्यासा. त्यातल्या एका वळणदार भिंतीसाठी रोबॉटने जागेवरच पोलादी जाळी वेल्ड केली. तीच जाळी काँक्रीट अडवणारा साचा, आणि सळईचं कामही तीच करते. हे घर राहण्यासाठी बांधलंय, त्यामुळे पॅव्हिलियनला माफ असलेल्या बऱ्याच गोष्टी इथे माफ नाहीत.

कोडिंगचं म्हणाल तर आधी रायनो या त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याच्या ग्रासहॉपर या जोडणीत भूमिती पक्की करा, मग पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. ग्रासहॉपरच्या कूकापीआरसीसारख्या प्लगइनने पहिला टूलपाथ, म्हणजे अवजाराने जायचा मार्ग, तुम्ही लवकरच काढाल. पण त्याच सुमाराला खऱ्या यंत्राजवळही उभे राहा. टूलचं टोक एका स्थिर टोकाला वेगवेगळ्या दिशांनी टेकवून टीसीपी, म्हणजे अवजाराच्या टोकाची रोबॉटला सांगायची नेमकी जागा, स्वतः कॅलिब्रेट करा. चौथा आणि सहावा अक्ष एका रेषेत आले की मनगट अचानक गरकन फिरू पाहतं आणि कंट्रोलर एरर देऊन थांबतो. स्क्रीनवरची रेषा छान सरळ असते, तरीही. हे एकदा कमी वेगात, टी-१ या हाताने चालवायच्या मंद मोडमध्ये, हाताशी इमर्जन्सी स्टॉप ठेवून बघून घ्या.