वाचकांचे प्रश्न : पायएमबार ४ वर जाताना

प्रश्न : विभागातली जुनी स्क्रिप्ट पायएमबार ३ वर चालायची (पायएमबार म्हणजे सिम्युलेशनच्या नमुन्यांवरून मुक्त ऊर्जा काढणारी पायथन लायब्ररी). आता आवृत्ती ४ बसवली, फंक्शनांची नावं बदलली. स्क्रिप्ट चालते, पण मुक्त ऊर्जेच्या फरकाच्या जागी ‘डी’ हे अक्षर छापलं जातं! (संशोधक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : हिशोब झालेला आहे, तुमच्या हाती आलंय ते डब्यावरचं लेबल. आवृत्ती ३ मध्ये उत्तरं क्रमाने यायची, आधी फरक, मग अनिश्चितता. त्यामुळे डावीकडे दोन चलं लिहिली की भागायचं. ४ मध्ये तीच उत्तरं डिक्शनरीत येतात, म्हणजे प्रत्येक मूल्याला नावाची एक किल्ली असते. डिक्शनरी दोन चलांत उलगडली, तर पायथन मूल्यं न देता किल्ल्यांची नावं देतो. म्हणून पहिल्या चलात ‘डेल्टा_एफ’ ही अक्षरंच बसली आणि त्यांतलं पहिलं छापलं गेलं. ही चूक जागच्या जागी ओरडत नाही, हीच तिची खोडी. केटीने (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, म्हणजे ऊर्जेचं एकक) गुणायला गेलात की मग गाडी अडते.

सगळं उत्तर एकाच चलात घ्या. मग ‘डेल्टा_एफ’ने फरक आणि ‘डीडेल्टा_एफ’ने अनिश्चितता काढा. अपेक्षित मूल्यांसाठी किल्ल्या ‘म्यू’ आणि ‘सिग्मा’.

जुनं एन्व्हायर्नमेंट (आवृत्ती ३ बसवलेला लायब्रऱ्यांचा संच) मात्र मोडू नका, जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करायला ते लागेल. कोंडात (असे संच सांभाळणारं साधन) नवं वेगळं करा आणि नमुने एकदाच विरळ करून, म्हणजे एकमेकांशी जोडलेले नमुने गाळून, तीच ऊर्जा-सारणी दोन्हीकडे द्या. नमुने दोन्हीकडे वेगवेगळे विरळ केलेत, तर आकडे थोडे हलतील आणि दोष उगाच लायब्ररीवर जाईल. सारणीतले स्तंभ आणि प्रत्येक अवस्थेच्या नमुन्यांची बेरीज जुळते ना, तेही पाहा. तुलना केटीतच करा. किलोकॅलरीत नेताना ३०० केल्विनला १ केटी म्हणजे मोलमागे ०.५९६.

प्रश्न : अंब्रेला सॅम्पलिंगच्या (रेणूला एकेका टप्प्यावर धरून ठेवून सिम्युलेशन करायची पद्धत) स्क्रिप्टमधलं ‘कम्प्यूट पीएमएफ’ हे मुक्त ऊर्जेचा आलेख काढणारं फंक्शन ४ मध्ये सापडत नाही. (इचलकरंजी)

उत्तर : ते काढलंय. त्याचं काम आता ‘एफईएस’ (फ्री एनर्जी सरफेस) या वेगळ्या क्लासकडे आहे. आधी ‘जनरेट_एफईएस’, मग ‘गेट_एफईएस’. नुसतं नाव बदलून भागणार नाही. पूर्वी प्रत्येक नमुना अक्षाच्या कुठल्या खान्यात (बिनमध्ये) पडतो, तो क्रमांक तुम्ही द्यायचात. आता हिस्टोग्राम पद्धतीत निर्देशांकाची (ज्या अंतरावर किंवा कोनावर आलेख काढायचा त्याची) खरी मूल्यं आणि खान्यांच्या कडा द्यायच्या. खाने ३० असतील तर कडा ३१. सवयीने जुने क्रमांकच दिलेत, तर आलेख भलत्याच अक्षावर निघेल. संदर्भबिंदू ‘फ्रॉम-लोएस्ट’ ठेवला की सर्वांत खोल खाना शून्यावर येतो.